पायाळू यंत्र

ज्या घराण्यात पूर्वी कधी एखादा हंडा पुरलेला नाही, असं घराणं वर्धा जिल्ह्यात शोधून सापडायचं नाही. आज ज्यांच्याकडे सायकलचं पंक्चर काढायला सुटे पैसे नसतात, त्यांच्याही पणजोबांनी पेंढाऱ्यांच्या भीतीने मोहरांचा एक हंडा परसात पुरून ठेवलेला असतो. जागासुद्धा सगळ्यांची एकच : जुन्या विहिरीपासून सात पावलांवर, कडुनिंबाच्या सावलीत. ही सावली सकाळची की संध्याकाळची, एवढं सांगायच्या आत पणजोबांनी डोळे मिटलेले असतात. हंड्यावर अर्थातच एक नाग असतो. इतकी वर्षं एका जागी उपाशी बसून तो कंटाळत कसा नाही, असं पुष्कळांना वाटतं. मला वाटत नाही. मी बँकेत कारकून आहे. दुसऱ्याच्या धनावर बसून राहायचं, आपण त्यातलं काही खायचं नाही, आणि कोणी जवळ आलं की फणा काढायचा, हे काम बावीस वर्षं केल्यावर त्या प्राण्याविषयी मला भाऊबंदकीच वाटू लागली आहे.

हे पुरलेलं धन दिसतं कोणाला, तर पायाळू माणसाला. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीच्या पोटातलं दिसतं, असा आपल्याकडे समज. माझा एक आतेभाऊ पायाळू आहे. लहानपणी त्याला तीन गावांहून बोलावणी आली. एके ठिकाणी त्याला पुरणपोळी घालून शेतात फिरवलं. त्याला जमिनीखालचं तर जाऊ द्या, पलंगाखालची स्वतःची चप्पल आजतागायत दिसलेली नाही. आत्याने मात्र वेळीच त्याचं हे फिरणं बंद केलं, आणि ते शहाणपणाचं केलं. कारण या हंड्यांच्या पायी पोराबाळांचे बळी दिल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत, आणि २०१३ साली महाराष्ट्राला नरबळी-जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, तो काही उगाच नाही.

गंमत बघा, त्याच २०१३ सालच्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशात, उन्नाव जिल्ह्यातल्या डौंडिया खेडा गावी, सरकारी पुरातत्त्व खातं कुदळी घेऊन उतरलं होतं. एका साधुबाबांच्या स्वप्नात १८५७ च्या बंडातले तिथले राजे आले आणि किल्ल्याखाली एक हजार टन सोनं आहे म्हणून सांगून गेले. त्या वेळी आपल्या रिझर्व्ह बँकेकडे होतं साडेपाचशे टनांच्या आसपास. म्हणजे एका झोपेत देशाची गंगाजळी जवळजवळ तिप्पट होत होती. भूगर्भ खात्याच्या यंत्रांनीही ‘खाली काहीतरी धातूसारखं आहे’ असं म्हटलं. खणलं, तेव्हा निघाल्या विटा, खापरं, बांगड्यांचे तुकडे आणि खिळे. यंत्राचं काही चुकलं नाही. त्याने ‘काहीतरी आहे’ एवढंच म्हटलं होतं. पुढचा हजार टन माणसांचा.

हे सगळं मला ठाऊक होतं. माझ्या साडूंना नव्हतं.

साडू या नात्याची एक गंमत असते. भाऊ आपण निवडत नाही, पण त्याच्याशी भांडता तरी येतं. साडूशी भांडलं की भांडण दोन घरांत होतं आणि जेवण दोन्ही घरांत बंद होतं. त्यामुळे २०२३ च्या मे महिन्यात आमचे साडू नागपूरच्या एका कबाडीकडून एक जुनं धातुशोधक यंत्र घेऊन सरळ माझ्या दारात उतरले, तेव्हा मी ‘वा!’ म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

यंत्र परदेशी आणि माझ्याच वयाचं असावं. एक लांब दांडी, तिच्या खालच्या टोकाला जेवणाच्या ताटाएवढी चकती, वरच्या टोकाला हिरवट डबा. डब्यावर दोन खुंट्या, एक सुई आणि कंपनीच्या नावाची शेवटची तीन अक्षरं. कानाला लावायचं यंत्र तुटलेलं होतं, म्हणून साडूंनी त्याला ट्रान्झिस्टरचा कर्णा जोडून घेतला होता. त्यामुळे जमिनीखाली काय आहे हे शोधणाऱ्याच्या आधी गल्लीला कळायचं.

“आता पायाळू माणसाची गरज नाही,” साडू म्हणाले. “हे पायाळू यंत्र.”

या यंत्राची कुळकथा मोठी आहे. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे याचे एक आजोबा. १८८१ च्या जुलैत अमेरिकेच्या अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर कोणी गोळी झाडली. ती पाठीत शिरली आणि कुठे बसली ते डॉक्टरांना सापडेना. बेलसाहेबांनी घाईघाईने धातू ओळखणारं यंत्र तयार केलं आणि रोग्याच्या अंगावरून फिरवलं. आवाज येतोय, पण सगळीकडून! कारण खाली गादीत लोखंडी स्प्रिंगा होत्या. शिवाय मुख्य डॉक्टरांनी फक्त उजवी बाजू शोधायची परवानगी दिली, कारण गोळी उजवीकडेच आहे असं त्यांनी आधी जाहीर करून टाकलं होतं. ती निघाली डावीकडे. पण ते सप्टेंबरात, अध्यक्ष वारल्यावर कळलं. साहेबाने बोट दाखवलं त्याच रकान्यात चूक शोधायची, ही पद्धत आमच्या बँकेत अजून चालू आहे.

साडूंच्या यंत्राची रीत तशी सोपी. आत दोन कंपनं चालू असतात. एक डब्यातल्या डब्यात, दुसरं खालच्या चकतीतल्या तारेच्या वेटोळ्यात. दोन्ही जवळजवळ सारखी. त्यांच्यातला जो थोडा फरक उरतो, तो ‘गूंऽऽ’ असा ऐकू येतो. चकतीखाली धातू आला की वेटोळ्याचं कंपन बदलतं, फरक बदलतो आणि आवाज चढतो किंवा उतरतो. मी बी.कॉम. असूनही मला हे चटकन समजलं. दोन वह्या शेजारी ठेवायच्या आणि जुळल्या नाहीत की ओरडायचं. ऑडिटर दुसरं काय करतो? आणि ऑडिटरसारखंच, ते ओरडतं म्हणजे खाली सोनं आहे की खिळा, हे त्याला सांगता येत नाही. लोखंडाला सूर उतरतो आणि सोन्याचांदीला चढतो असं म्हणतात. पण रुंद पत्रा, लोखंडी कडं असल्या वस्तू सोन्याच्याच सुरात गातात. गरीब माणसाने लग्नात सूट घालावा तसं. शिवाय खोलीची मर्यादा : नाणं असेल तर चार-पाच बोटं, मोठी वस्तू असेल तर हातभर. पणजोबा इतके आळशी असतील असं मानायला कोणतंही घराणं तयार नसतं.

त्यात आमची माती. वर्ध्याची काळी कपाशीची जमीन म्हणजे ज्वालामुखीच्या खडकाचं पीठ. तिच्यात लोहाचे चुंबकी कण मिसळलेले. चकती जमिनीजवळ नेली की यंत्र गुणगुणू लागे, दोन बोटं वर उचलली की गप्प. पुन्हा खाली, पुन्हा गूंऽ. आमच्या अंगणात पहिल्या दिवशी साडूंना सव्वीस जागी खजिना लागला. त्यात उन्हाने यंत्र तापलं की कंपनं आपोआप सरकायची. पंचेचाळीस डिग्रीत माणसाचं डोकं सरकतं, तिथे तारेच्या वेटोळ्याला काय बोल लावणार? दुपारी बारानंतर ते हवेत धरलं तरी धन दाखवत असे.

“आपण पवनारला जाऊ,” साडू म्हणाले. “वाकाटकांची राजधानी होती म्हणतात. टेकाडात नुसतं सोनं असेल.”

इथे मी पहिल्यांदा फणा काढला. वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचं प्रवरपूर ते हेच पवनार, असं वा. वि. मिराशींनी प्रतिपादन केलं होतं हे खरं. १९६७ साली नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी तिथे रीतसर उत्खनन केलं. पण ते थरामागून थर, खापरामागून खापर नोंदवत. साडूंसारखं आवाज येईल तिथे भोक पाडणं म्हणजे जुन्या पोथीतलं एक अक्षर सोन्याचं असेल म्हणून तेवढं कात्रीने कापून नेणं. कायद्याचीही मनाई आहे. आणि पवनारला धाम नदीच्या काठी विनोबा राहिले. १९३८ साली ते तिथे आले, आणि तिथल्या जमिनीत खणताना जुन्या मूर्ती निघाल्या. त्यांत भरत आणि रामाच्या भेटीची एक शिळा होती. पुढे पन्नास-एक्कावन्न साली याच जागी विनोबांनी पैशावाचून जगण्याचा प्रयोग केला; त्याचं नाव कांचनमुक्ती. ज्या मातीत माणसं सोन्यापासून सुटका व्हावी म्हणून कुदळ मारत होती, तिथे आम्ही दोघं साडू कर्णा लावलेलं यंत्र घेऊन सोनं शोधत हिंडणार! मी नाही म्हणालो. बायकोची बहीण दोन दिवस बोलली नाही, ते सोसलं.

मग साडूंनी पुलगावचं नाव काढलं. तिकडे दारूगोळ्याचं मोठं लष्करी भांडार आहे, आसपास पितळ-तांबं सापडतं, असं कोणी त्यांना सांगितलं होतं. त्या बाबतीत मात्र मला विनोद सुचत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात तिथे सोनेगाव आबाजी या गावाजवळ जुना दारूगोळा नष्ट करायच्या कामात स्फोट झाला आणि सहा माणसं गेली. त्यांत रोजीवर गेलेले आसपासचे गावकरी होते. गावाचं नाव सोनेगाव. मी साडूंना एवढंच सांगितलं की, तिकडच्या जमिनीत काही सापडलं तर आवाज एकदाच येतो.

कायद्याचं निघालंच आहे, तर तेही सांगतो. भारतीय निखात निधी अधिनियम हा १८७८ सालचा. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवायचं. न कळवल्यास वर्षभरापर्यंत कैद. १८७८ साली दहा रुपये म्हणजे दहा तोळ्यांच्या आसपास चांदी होती. आज दहा ग्रॅम सोन्याचा भाव लाखाच्या पुढे गेला आहे. म्हणजे दहा रुपयांचं सोनं एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. ते सापडायला यंत्र नव्हे, सराफकट्ट्यावरचा झारेकरीच हवा. झारेकरी ठाऊक आहेत ना? सराफांच्या दुकानासमोरची धूळ झाडून न्यायची, ती पाण्यात धुवायची आणि तळाशी राहिलेला कण वेगळा काढायचा. पोटापुरतं सोनं मातीतून खरोखर काढणारी आमच्या माहितीतली माणसं तेवढीच, आणि त्यांच्याकडे यंत्र नसतं, घमेलं असतं. असो. त्या कायद्यात वारस नसलेल्या धनाचे तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला, अशी वाटणी आहे. सोन्यावर बँकेत कर्ज मिळायचं तेही अनेक वर्षं किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंतच. म्हणजे सोनं पुरा नाहीतर पेढीवर ठेवा, पावली कुठेतरी अडकतेच.

आता खरं सांगायचं तर वर्धा जिल्ह्यात सोनं कुठे आहे हे मला यंत्रावाचून ठाऊक आहे. ते आमच्या शाखेच्या तिजोरीत आहे. मे संपत आला आणि बी-खताची दुकानं उघडली की ते येऊ लागतं. पोत, एकदाणी, डोरलं, नाकातली फुली. सराफ कसोटीवर रेघ ओढतो, वजन करतो, खडे वजा करतो. मग पाकिटात घालून, लाखेचं सील मारून, खातेनंबराची चिठ्ठी लावून दोन किल्ल्यांच्या आत. कापूस घरी आला की दिवाळीनंतर ते परत जातं. ज्या वर्षी कापूस येत नाही त्या वर्षी ते तिथेच राहतं आणि मी नोटिसा छापतो.

असाच एक खातेदार सेवाग्रामचा. गावात त्याला लहानथोर भाऊ म्हणतात, मीही म्हणतो. सेवाग्राम म्हणजे आश्रमाच्या पलीकडचं मूळ गाव; जुनं शेगाव. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले, आणि त्यांची पत्रं गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागली म्हणून १९४० साली गावाचं नाव बदललं. आश्रमात आजही प्रार्थनेत अपरिग्रहाचं व्रत म्हटलं जातं. भाऊच्या घरी ते न म्हणताच पाळलं जात होतं. बावीसच्या पावसाळ्यात अतिवृष्टीने कपाशी सडली. साठ हजारांच्या कर्जापोटी वहिनींची साडेअकरा ग्रॅमची पोत आणि एक एकदाणी आमच्याकडे होती, आणि लिलावाची नोटीस गेली होती. मेच्या शेवटी वहिनींच्या भावाच्या मुलीचं लग्न.

भाऊ काउंटरवर आला. नोटीस उलगडून माझ्यापुढे ठेवली.

“साहेब, हे तुमीच छापली का जी?”

“छापली मी. सही मॅनेजरसाहेबांची आहे, भाऊ.”

“छपाई साजरी हाये,” तो म्हणाला. “मी म्हनलं, तुमच्या साडूनं म्हने मशीन आनली. आमच्या विहिरीपाशी आज्याचा हंडा हाये. एक डाव पाहून घ्या न. लिलावाच्या आंधी.”

हंड्यावर माझा विश्वास नाही. पण ज्या माणसाला आपण नोटीस छापून दिली, त्याला ‘तुमच्या आज्याचा हंडा खोटा’ हेही आपणच सांगायचं, हे एका पगारात बसत नाही. रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही तिघं त्याच्या शेतात होतो. पहाटे अशासाठी की यंत्र थंड असावं. तरी गाव जमलंच. ट्रान्झिस्टरचा कर्णा!

निंब होता. विहीर होती. तिच्यापासून सात पावलं साडूंनी मोजली. मग गावातल्या चौघांनी आपापल्या पायांनी मोजली, आणि सात पावलं पाच निराळ्या ठिकाणी संपली. पहिल्या तासात निघाले : वखराच्या पासेचा तुकडा, बैलाचे चार नाल, कुलपाचं एक कडं, तंबाखूची एक डबी आणि चार आण्याचं एक नाणं. प्रत्येक आवाजाला गर्दी पुढे सरके आणि प्रत्येक नालाला मागे. वहिनी लांब धुऱ्यावर उभ्या होत्या. त्या पुढेही येत नव्हत्या, मागेही जात नव्हत्या.

आणि साडेसातच्या सुमाराला निंबाच्या पश्चिमेला यंत्राने जो सूर लावला तो खाली येईचना. साडूंनी चकती डावीकडे नेली, सूर होता. उजवीकडे नेली, होता. मधोमध मात्र जरा कमी. त्यांनी काठीने जमिनीवर खुणा करत नेल्या आणि बघतो तो खुणांचं एक वर्तुळ झालं, चांगलं पुरुषभर घेराचं! गर्दीत कोणाचा श्वास ऐकू येईना.

“हंड्याचं तोंड,” साडू दबक्या आवाजात म्हणाले.

एवढ्या तोंडाचा हंडा असेल तर आत रिझर्व्ह बँकच बसेल, हे मी बोललो नाही. भाऊने आधी नमस्कार केला, मग कुदळ घातली. हातभर खाली ‘ठण्ण’ झालं. माती सारली. लोखंड. गोल गोल माती काढत गेलो आणि बाहेर आली ती बंडीच्या चाकाची धाव, जमिनीत आडवी पडलेली, अख्खी. लोखंडाचं मोठं कडं सोन्याच्या सुरात गातं ते असं. भाऊ खड्ड्याच्या काठावर बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याने उपरण्याने तोंड पुसलं, ते बराच वेळ पुसत होता. साडूंनी मात्र यंत्र बंद केलं नव्हतं. त्यांनी ते खड्ड्याच्या मातीवरून सहज फिरवलं, तर एक बारीक कूंऽ आला. ढेकूळ फोडलं. पितळेची घाटी, बैलाच्या गळ्यातली. आतली माती काडीने काढली आणि हलवली, तर वाजली. यंत्र बेलसाहेबांचं, तेव्हा निघायची ती घंटाच.

भाऊचे वडील, वय ऐंशी, इतका वेळ विहिरीच्या कठड्याला टेकून ‘काई नाई निंगत, काई नाई निंगत’ असा जप करत होते. आवाज ऐकून ते उठले.

“हरन्याची हाये थे,” ते म्हणाले. “आना इकडं.”

हरण्या हा त्यांचा बैल, पासष्ट साली पाकिस्तानशी लढाई झाली तेव्हाचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याच्या गळ्यातली घाटी हरवली. बाबांनी गुराख्याच्या पोराला धरलं. त्यानेच विकली म्हणून दोन ठेवून दिल्या आणि महिन्याच्या मजुरीतून चार आणे कापले. पोरगं रडत सांगत होतं, विहिरीपाशी होती, मग दिसली नाही. बाबांनी घाटी दोनदा वाजवून पाहिली, मग भाऊला म्हणाले, “त्याले बलाव.”

ते ‘पोरगं’ आलं. वय वर्षं अडुसष्ट, पांढऱ्या मिशा, हातात काठी. सोबत नातू. त्याने घाटी पाहिली, उलटी केली, कडेचा एक टवका अंगठ्याने चाचपला आणि म्हणाला, “हेच.” मग थोडं थांबून, “माहे चार आने?”

कोणी हसलं नाही. बाबांनी मला हाक मारली. “बाबू, तू बँकेतला हायेस न? पासष्ट सालापासून चार आन्याचं याज काढ.”

“दर कुठला लावू, बाबा?”

“आमच्या सुनेच्या पोतीवर लावते न तू? थोच लाव.”

मी निंबाखाली बसून, नोटीस ज्या पाकिटातून आली होती त्याच्या पाठीवर हिशेब केला. पंचवीस पैसे, आठ टक्के, चक्रवाढ, अठ्ठावन्न वर्षं : एकवीस रुपये सत्तर पैसे. नोकरीत लाखालाखांची व्याजं काढली, पण एवढ्या शांततेत कोणी माझा आकडा ऐकून घेतलेला नाही. बाबांनी कमरेची चंची सोडली. मुद्दल म्हणून त्या सकाळी सापडलेलं चार आण्याचंच नाणं धुऊन दिलं. ३० जून २०११ पासून पावली चलनात नाही, हे सांगणं माझं कर्तव्य होतं, ते मी केलं. म्हातारबुवा म्हणाले, “मले चालते.” व्याजाचे झाले एकवीस रुपये पंचेचाळीस पैसे. बाबांनी बावीस दिले. उरलेले पंचावन्न पैसे परत करायला त्यांनी खिसे चाचपले, नव्हते. नातू म्हणाला, जाऊ द्या न आबा. आबा म्हणाले, “नाई, कोनाचं ठेवाचं नाई,” आणि कनवटीला होती ती सुपारी बाबांच्या हातावर ठेवली. दोघं म्हातारे मग बंडीच्या धावेवर शेजारी शेजारी बसले आणि हरण्याच्या शिंगांविषयी बोलत राहिले. एकाच्या मते ती बाहेर वळलेली होती, दुसऱ्याच्या मते आत.

बुधवारी भाऊ पुन्हा काउंटरवर हजर. घरात पाच क्विंटल तूर होती. भाव चढतो आहे, दहा हजार झाल्याशिवाय पोत्याला हात लावायचा नाही, असा बाबांचा हुकूम होता. ती सोमवारी बाजार समितीत गेली.

“बाबा कसे तयार झाले?” मी विचारलं.

“म्हनते, तुरीले भुंगे लागले.”

“लागले होते?”

“एक बी नाई, साहेब.”

अर्धंअधिक कर्ज फिटलं. एकदाणी राहिली, पोत सोडवता आली. दोन किल्ल्या लागल्या, पाकीट आलं, सील फोडलं. वहिनींनी पोत तिथेच मणी मोजून घेतली. मी सही करा म्हणालो तेव्हा त्यांनी पेन घ्यायच्या आधी ती गळ्यात घातली. पावतीवर तारखेचा शिक्का मी जरा जास्तच जोरात मारला.

यंत्र साडूंनी परत नेलं. पुढच्या महिन्यात त्यांच्या पाण्याच्या मोटारीचा पाइप कुठे पुरला आहे ते त्याने बरोबर दाखवलं, असं मेव्हणीच सांगत होती, आणि तेही कौतुकाने.

धाव भाऊच्या अंगणात निंबाला टेकवून ठेवली आहे. भंगारवाला दोनदा येऊन गेला, बाबांनी दिली नाही. घाटी शेळीच्या गळ्यात बांधून पाहिली, तर शेळीची मान खाली जाऊ लागली. बैल आता घरात नाही, नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर येतो. म्हणून ती बाबांच्या बाजेच्या खुराला बांधली आहे. चहा हवा असला की ते ती पायाने वाजवतात. आतून वहिनी म्हणतात, “आली जी, हरन्या!” आणि बाबा म्हणतात, साखर जास्त.